पंजा घरी बनवताय? प्लेट कापायला टाकण्याआधी हे वाचा

छोट्या ट्रॅक्टरच्या लोडरला ओंडके, फांद्या, काटेरी झुडपं उचलणारा पंजा बसवायचा म्हणून जे ग्राहक आमच्याकडे प्लेट कापून घ्यायला किंवा पिन, बुश (पिन ज्यात फिरते ती जाड नळी), सिलिंडर न्यायला येतात, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. तयार पंजा आम्ही विकत नाही. घरी बनवलेला पंजा चांगला चालतो. पण बनवणाऱ्याला ज्या जागेची काळजी असते, तिथे तो सहसा बिघडत नाही. येणारा बहुतेक प्रत्येक जण विचारतो, "12 मिलिमीटरची प्लेट पुरेल ना?" आम्ही उलट विचारतो, "तुमचा लोडर किती उचलतो?"

वजनाचा हिशेब आधी

समजा, ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत लोडरची क्षमता पिनजवळ, म्हणजे पंजा लोडरच्या हातांना जिथे जोडतात तिथे, 500 किलो दिली आहे. पंजा 180 किलोचा झाला, तर उरले 320. तेही पिनजवळ. ओंडका पिनपासून अर्धा मीटर पुढे धरला की लोडर त्याहूनही कमी उचलतो. म्हणजे पंजात घातलेला प्रत्येक जादा किलो ओंडक्यातून वजा होतो, आणि तो रोज वजा होतो.

8 मिलिमीटर जाडीच्या लोखंडी प्लेटचं वजन चौरस मीटरला सुमारे 63 किलो, 12 मिलिमीटरचं 94. साधारण 750 मिलिमीटर लांब आणि सरासरी 100 मिलिमीटर रुंद असा एक दात 12 मिलिमीटरमध्ये 7 किलोचा होतो, 8 मध्ये पावणेपाच किलोचा. सात दात धरले तर नुसत्या खालच्या जबड्यात 16 किलोंचा फरक पडला. आमचा स्वतःचा पहिला पंजा 12 मिलिमीटरचा होता. दिसायला रुबाबदार! रिकामाच उचलताना लोडर कण्हायचा, आणि ओला ओंडका धरला की ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी व्हायची. आता तो कार्यशाळेच्या दाराशी पडलेला असतो, त्यावर आम्ही पाइप टेकवून ठेवतो.

म्हणून छोट्या ट्रॅक्टरसाठी आमचं मत असं: दातांना 8 किंवा 10 मिलिमीटर, आणि दात एकमेकांना जोडायला आडवा चौकोनी पाइप. पिळाला तोच तोंड देतो, नुसती जाड पट्टी देत नाही. दातांमध्ये 150 ते 200 मिलिमीटर अंतर ठेवलं तर माती गळून पडते. वरच्या झाकणाचे, म्हणजे सिलिंडरने मिटणाऱ्या वरच्या जबड्याचे, दात खालच्या दातांच्या फटीत उतरले पाहिजेत, समोरासमोर टेकता कामा नयेत. नाहीतर जाड ओंडका पकडला जाईल आणि बारीक फांद्या निसटतील. रुंदी 1.2 मीटरच्या आसपास पुष्कळ झाली. रुंद पंजाच्या कोपऱ्याने बुंधा उपटायला गेलात तर सगळी चौकट पिळवटते.

किती जोराने आवळायचं?

सिलिंडरचा जोर म्हणजे तेलाचा दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ. 50 मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर 150 बार दाबावर सुमारे 3 टन जोर देतो. तो बिजागरीपासून 150 मिलिमीटरवर काटकोनात ढकलत असेल आणि झाकणाचं टोक 600 मिलिमीटरवर असेल, तर टोकाला चौथा हिस्सा पोचतो, म्हणजे साडेसातशे किलो. ओंडका धरायला एवढं भरपूर आहे. 63 मिलिमीटरचा सिलिंडर मागणारे पुष्कळ येतात. त्याने पकड वाढते हे खरं, पण त्याच जोराने झाकण वाकतं आणि पंप तेवढाच असल्यामुळे हालचालही मंद होते. रॉड बाहेर येताना झाकण मिटेल अशी जोडणी करा. रॉड आत जाताना पिस्टनचं क्षेत्रफळ रॉडच्या जाडीएवढं कमी मिळतं. 28 मिलिमीटरचा रॉड असेल तर 3 टनांचे जेमतेम 2 टन होतात.

एक अखंड झाकण की दोन सुटी? ओंडका एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक असेल, तर अखंड झाकण जाड टोकावर टेकून थांबतं आणि बारीक टोक सैल राहतं. दोन सुटी झाकणं, दोन सिलिंडर आणि दोन्हींना एकाच लाइनमधून तेल दिलं की ज्याला विरोध कमी ते आधी मिटतं, ते टेकलं की तेल दुसऱ्याकडे वळतं. शेवटी दोन्हींवर सारखाच दाब येतो. त्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह लागत नाही. फक्त वजन आणि काम दोन्ही वाढतं.

तेल कुठून घ्यायचं, हे प्लेट कापायच्या आधी ठरवा. लोडरच्या दांड्यावर दोनच लाइन असतात, हात उचलायची आणि बकेट कलवायची. पंजाला तिसरी हवी. ती ट्रॅक्टरच्या मागच्या जोडातून पुढे आणता येते, किंवा कलवायच्या लाइनवर 12 व्होल्टचा डायव्हर्टर व्हॉल्व्ह बसवता येतो. बटण दाबलं की तेच तेल झाकणाकडे जातं. कलवणं आणि आवळणं एकाच वेळी जमत नाही. छोट्या कामाला त्याने काही अडत नाही.

बिघडतं ते इथे

पहिला क्रमांक होजचा, म्हणजे तेलाच्या रबरी नळीचा. पंजा पूर्ण उघडून, पूर्ण मिटवून, वर उचलून, खाली कलवून, चारही वेळा होज कुठे ताणला जातो आणि कुठे चिमटतो ते दोरी लावून बघा. होजची लांबी त्यानंतरच ठरते.

दुसरं, कपलर (होज जोडायचा-सोडायचा जोड) अर्धवट बसणं. परतीच्या बाजूचा कपलर नीट बसला नसेल तर रॉडच्या बाजूचं तेल कोंडतं, आणि क्षेत्रफळातल्या फरकामुळे तिथला दाब वर सांगितलेल्या सिलिंडरमध्ये जवळजवळ दीडपट होतो. 150 बारची लाइन 220 बार सोसायला लागते. मग दोष आमच्या होजला!

पिन सहसा तुटत नाही. 25 मिलिमीटरची पिन दोन्ही बाजूंनी धरलेली असेल तर 3 टनांचा तिला त्रास नाही. भोक मात्र लांबट होतं, कारण 8 मिलिमीटरच्या प्लेटची कड फार अरुंद पडते. तिथे 25 ते 30 मिलिमीटर लांबीचा बुश वेल्ड करा आणि ग्रीस निपल द्या. टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारताना सगळ्या बुशांमधून एकच सरळ रॉड आरपार ठेवा. तो न ठेवता केलेली बिजागरी वेल्डिंगच्या ओढीने तिरकी होते, मग हातोड्याशिवाय पिन जात नाही.

वेल्डिंगचे 7018 नंबरचे रॉड कोरडे हवेत. दमट रॉडने पुढे तडे जातात. सिलिंडरवर वेल्डिंग करूच नका, आणि जवळ करायचं असेल तर सिलिंडरचा क्रोमचा रॉड झाका. त्यावर उडालेली एक ठिणगी सील फाडते. पंजा ट्रॅक्टरला लावलेला असताना वेल्डिंग करायची वेळ आलीच तर बॅटरी सोडवा, अर्थ वेल्डच्या अगदी जवळ लावा.

चालवताना

उघडं झाकण घेऊन ढिगाऱ्यात घुसू नका, सिलिंडरचा रॉड वाकतो. ओंडका जमिनीलगत ठेवूनच पुढे जा. उंच उचलून मागे कलवलेला ओंडका लोडरच्या हातांवरून घरंगळत थेट चालकावर येऊ शकतो. मागे वजन बांधल्याशिवाय काम करू नका. होज बारीक गळत असेल तर हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. सुईएवढ्या छिद्रातून येणारं तेल कातडी भेदून आत शिरतं. जखम क्षुल्लक दिसते, पण तातडीने शस्त्रक्रिया लागते. तसं झालं तर थांबून बघत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

आमच्याकडे येताना लोडरच्या जोडपट्टीची मापं, पिनचा व्यास, पुस्तिकेतल्या उचल क्षमतेच्या आणि हायड्रॉलिक दाबाच्या पानाचा फोटो आणि पुठ्ठ्यातून कापलेला एक दात आणा. पुठ्ठ्याचा दात लोडरसमोर धरून बघितलेला असेल तर आमचा अर्धा दिवस वाचतो, आणि तुमची प्लेटही.