महाकाव्याचे शालेय अध्यापन (मराठवाडा)

रामायण व महाभारत ही आर्ष (ऋषींच्या नावे असलेली) महाकाव्ये, कालिदासादी कवींची विदग्ध (जाणीवपूर्वक कलात्मक घडणीची) महाकाव्ये आणि त्याच कथांवर मराठीत रचली गेलेली आख्यानकाव्ये आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना शिकविण्याची रीत. मराठवाड्यात या अध्यापनाला दोन उगम आहेत. एक गावातली पोथी आणि दुसरा शाळेतले पाठ्यपुस्तक. हे दोन्ही प्रवाह एकाच विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत असले, तरी वर्गात त्यांची गाठ क्वचितच घालून दिली जाते.

पोथीची परंपरा अधिक जुनी व अधिक चिवट आहे. चातुर्मासात देवळात किंवा एखाद्याच्या ओसरीवर पोथी लागते. एक जण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो, ऐकणारे मध्येच शंका विचारतात आणि समाप्तीला भंडारा होतो. श्रीधरांचे ‘हरिविजय’ (१७०२), ‘रामविजय’ (१७०३) व ‘पांडवप्रताप’ (१७१२) हे ग्रंथ अशा वाचनात विशेष रूढ आहेत. स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्यांतील सीतेचा वनवास हा याच श्रवणपरंपरेचा दुसरा पदर होय. त्यामुळे आठवीत येणाऱ्या मुलाला कथा बहुधा ठाऊक असते. ठाऊक नसते ते काव्य, म्हणजे ती कथा कोणत्या शब्दांत, कोणत्या लयीत आणि कोणत्या क्रमाने सांगितली आहे ते.

शाळेचा प्रवाह त्या मानाने अलीकडचा आहे. निजामी राजवटीत सरकारी माध्यमिक शिक्षण मुख्यतः उर्दूतून चाले आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. प्राचीन मराठी काव्य त्या काळात घर, मठ आणि औरंगाबादच्या सरस्वती भुवनसारख्या (१९१५) खासगी शिक्षणसंस्था यांच्या आधाराने टिकले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, पुढे भाषावार प्रांतरचना झाली आणि १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीमुळे मराठवाड्याची पाठ्यपुस्तके उर्वरित महाराष्ट्रासारखीच झाली.

या एकसारखेपणात एक विसंगती राहून गेली आहे. दहावीसाठी २०१८ मध्ये आलेल्या मराठी ‘कुमारभारती’त नामदेव, एकनाथ आणि रामदास यांच्या रचना आहेत. परंपरेनुसार नामदेव नरसीचे, एकनाथ पैठणचे आणि रामदास जांबचे, म्हणजे तिघेही मराठवाड्याचे. परंतु तेथे ते भेटतात ते उपदेश करणारे संत म्हणून. कथा सांगणारा कवी म्हणून त्यांच्यापैकी ज्यांचा विचार सर्वांत आधी व्हावा, ते एकनाथ ‘भावार्थ रामायणा’चे कर्ते आहेत. युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत त्यांनी ते रचले आणि पुढचा भाग त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केला. (हा गावबा पुरणपोळीच्या लोभाने नाथांच्या घरी राहिला, अशी आख्यायिका आहे, ती सांगितली की वर्गाला ग्रंथाचे नाव विसरत नाही.) एकनाथांचा दौहित्र मुक्तेश्वर याने महाभारत मराठीत आणले. त्याची आदि, सभा, वन, विराट आणि सौप्तिक ही पाचच पर्वे उपलब्ध आहेत. निसर्गवर्णन व प्रसंगचित्रण यांत प्राचीन मराठी कवींपैकी फार थोडे त्याच्या जवळ पोहोचतात, आणि तरीही पैठण परिसरातल्या शाळेतूनसुद्धा त्याची एकही ओवी न वाचता विद्यार्थी दहावी होऊ शकतो.

अध्यापनाची सुरुवात अर्थापासून करण्याची सवय सर्वत्र आहे. ती नादापासून केल्यास काम सोपे होते. अनुष्टुभ या संस्कृत श्लोकाच्या वृत्तात प्रत्येक चरणात आठ अक्षरे असतात, पाचवे लघु व सहावे गुरू असते, आणि सातवे विषम चरणांत गुरू तर सम चरणांत लघु असते. वाल्मीकीच्या ‘मा निषाद प्रतिष्ठां त्वमगमः शाश्वतीः समाः’ या ओळीवर टाळी धरली, की पहिला चरण ‘त्व’पाशीच संपतो आणि ‘म’ पुढच्या चरणात जातो, हे मुलांना कोणी न सांगता कळते. मराठीकडे वळल्यावर ग्रंथातील ओवीचे पहिले तीन यमकबद्ध चरण आणि चौथा आखूड, मोकळा चरण वाचूनच दाखवावा लागतो. मोरोपंतांच्या आर्या या मात्रावृत्तासाठी ‘सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची । ओवी ज्ञानेशाची, किंवा आर्या मयूरपंताची’ हे सर्वतोमुखी असलेले पद्य पुरेसे आहे. त्याच्या दोन्ही ओळींत बारा आणि अठरा मिळून तीस मात्रा भरतात. शास्त्राप्रमाणे ही गीती होय, कारण आर्येची दुसरी ओळ सत्तावीस मात्रांची असते. मोरोपंतांची ‘आर्या’ही बहुतांशी गीतीच आहे.

संस्कृत श्लोकाचा अर्थ लावण्याच्या परंपरागत पद्धती दोन आहेत. दंडान्वयात सर्व पदे गद्याच्या क्रमाने मांडून दिली जातात. खंडान्वयात क्रियापद धरून एकेक प्रश्न विचारत श्लोक उलगडला जातो. वरच्याच श्लोकाच्या ‘यत्क्रौञ्चमिथुनादेकमवधीः काममोहितम्’ या दुसऱ्या ओळीतले ‘अवधीः’ (मारलेस) हे क्रियापद धरावे. कोणी मारले? ‘त्वम्’. कोणाला? ‘एकम्’. कशातून? ‘क्रौञ्चमिथुनात्’. कशा स्थितीतल्याला? ‘काममोहितम्’. परीक्षेत अन्वय पूर्ण करण्याचा प्रश्न असल्याने दंडान्वय पाठ करून घेण्याकडे कल असतो, पण पोथीचा अर्थ सांगणारा माणूस नकळत खंडान्वयच करीत असतो आणि श्रोत्यांना तो लगेच उमगतो. अर्थात ही सोय संस्कृत घेणाऱ्यांपुरतीच आहे; ग्रामीण भागातील अनेक शाळांत संस्कृतचा शिक्षक नसतो आणि तेथे महाकाव्याचा सगळा भार मराठीच्या तासिकेवर पडतो.

विद्यार्थ्यांना ठाऊक असलेली कथा अनेकदा दूरचित्रवाणीवरील मालिकांतून आलेली असते, तेव्हा मूळ काव्याशी तिची तुलना हाच एक चांगला पाठ ठरतो. ‘आंधळ्याचा पुत्र आंधळा’ हे द्रौपदीच्या तोंडचे वाक्य सभापर्वाच्या चिकित्सित (अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या) संहितेत नाही. दुर्योधनाच्या फजितीवर तेथे भीमादी पांडव आणि सेवक हसतात. स्वयंवरात ‘मी सूताला वरणार नाही’ असे द्रौपदी म्हणते तो भागही पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या त्या आवृत्तीने मुख्य संहितेबाहेर ठेवला आहे. शकुंतलेची गोष्ट याहून उपयोगी पडते. दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी कालिदासाच्या नाटकातली आहेत. महाभारतातली शकुंतला भरसभेत दुष्यंताशी वाद घालते, पत्नीचा व पुत्राचा अधिकार सांगते. शकुंतलेच्या या दोन रूपांवर वर्गात झालेली चर्चा रसग्रहणाच्या ठरीव उत्तरापेक्षा बरेच काही शिकवून जाते.

एकलव्याचा अंगठा आणि तप करणाऱ्या शूद्र शंबूकाचा वध हे प्रसंग शिक्षकाला टाळता येत नाहीत. आंबेडकरी चळवळ खोलवर रुजलेल्या आणि विद्यापीठाच्या नामांतराचा लढा पाहिलेल्या या प्रदेशात हे प्रश्न मुले घरूनच घेऊन येतात. शंबूकाची कथा असलेले उत्तरकांड मागाहून जोडले गेले, असे अनेक अभ्यासक मानतात. एकलव्याची कथा मात्र आदिपर्वात आहे. संहितेच्या इतिहासाची ही माहिती द्यावी, पण तिची ढाल करून प्रश्न परतवू नये, कारण काव्याने अन्याय जसाच्या तसा नोंदवून ठेवला आहे, हेही त्याच्या वाचनातून दिसायला हवे.

शाळेची सहल वेरूळला जाते तेव्हा पाठ्यपुस्तकाबाहेरचे एक साधन आपोआप हाती येते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, घडविल्या गेलेल्या कैलास लेण्यात (क्र. १६) मंदिराच्या दक्षिण बाजूस रामायणाचा आणि उत्तर बाजूस महाभारताचा शिल्पपट आहे. प्रसंग एकाखाली एक अशा आडव्या ओळींत कोरले असल्याने, कोणता प्रसंग कोठे सुरू होतो आणि शिल्पकाराने कोणता गाळला, हे विद्यार्थ्यांना बोट ठेवून शोधता येते. मात्र त्यासाठी मार्गदर्शकाच्या मागे धावणारी रांग तेथे अर्धा तास थांबवावी लागते.