पेन अ व्हॅन: एकाच डोंगराला दोन चेहरे कसे काय?

पेन अ व्हॅनचे फोटो इंटरनेटवर शोधले तर पहिल्यांदा वाटतं की हे दोन वेगळे डोंगर आहेत आणि कोणीतरी नावात गोंधळ घातलाय. दक्षिणेकडून काढलेल्या फोटोत गवताने मढलेला, गोलसर, आळसावलेला उतार आणि त्यावर इकडेतिकडे चरणाऱ्या मेंढ्या. उत्तरेकडून, म्हणजे ब्रेकन गावाच्या बाजूने काढलेल्या फोटोत सरळसोट कडा, त्यावर आडव्या पट्ट्या आणि पायथ्याशी काळसर खोलगट दरी. डोंगर एकच, ब्रिटनच्या साउथ वेल्समधला सगळ्यात उंच, ८८६ मीटर. पर्यटक म्हणून गेलात तर वरून सेल्फी काढून खाली याल, काही बिघडत नाही, पण हा डोंगर असा एकतर्फी का झाला हे माहीत असेल तर चढताना दम लागून थांबावं लागतं तेव्हा बघायला बरंच काही असतं.

आधी जायचं कसं ते उरकून घेऊ. कार्डिफहून ए४७० रस्त्याने उत्तरेला निघालं की गाडीने साधारण तासाभरात पॉन्ट आर डावचं पार्किंग लागतं, शनिवार-रविवारी तिथे जागा मिळणं हाच अर्धा ट्रेक आहे. हे पार्किंगच साधारण ४४० मीटर उंचीवर आहे, म्हणजे निम्मी चढाई गाडीनेच केलेली असते. हा सगळा भाग १९५७ साली नॅशनल पार्क झाला, बरीच वर्षं ब्रेकन बीकन्स म्हणून ओळखला जायचा, २०२३ पासून पार्कवाले बॅनाय ब्रिखाइन्योग हे वेल्श नाव वापरतात. उच्चार जमला नाही तरी चालतं, तिथली माणसं हसून सोडून देतात.

गोष्टीची सुरुवात खरं तर रस्त्यातच होते. कार्डिफहून निघाल्यावर आधी कोळशाच्या खाणींचा पट्टा लागतो, मर्थर टिडफिल वगैरे गावं, तिथला कोळसा साधारण ३१ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या पुढे चुनखडीचा एक पट्टा येतो, तो त्याहून जुना. आणि मग लालसर वालुकाश्म सुरू होतो, तो आणखी जुना, ४० कोटींच्या आसपास. उत्तरेला जाल तसतसा पायाखालचा खडक जुना होत जातो. असं व्हायला सगळे थर मिळून दक्षिणेकडे कललेले असावे लागतात, आणि ते तसे आहेतच. लाल वालुकाश्म पेन अ व्हॅनवर उघड्यावर दिसतो, तोच पुढे दक्षिणेला जमिनीत शिरतो आणि कोळशाच्या खाली जातो. हा कल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या लाल खडकाला ओल्ड रेड सँडस्टोन म्हणतात. तो डेव्होनियन काळातला, म्हणजे ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या मधला. तेव्हा वेल्सचा हा तुकडा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हवा गरम, वर्षातला बराच काळ कोरडा आणि मधूनच धो-धो पाऊस. त्याच्या आधी आयापेटस नावाचा एक आख्खा समुद्र मिटला होता, दोन्ही बाजूंचे भूभाग एकमेकांवर आदळले होते आणि त्या धडकेत उत्तरेला मोठी पर्वतरांग उभी राहिली होती. तिचे झिजलेले अवशेष आज स्कॉटलंड, नॉर्वे इथे दिसतात. त्या डोंगरांची माती नद्यांनी खाली आणून या सपाट भागात पसरली, पुरामागून पूर, थरावर थर. म्हणजे आपण चढतो तो डोंगर मुळात दुसऱ्या कुठल्या तरी डोंगराचा गाळ आहे. लाल रंग लोखंडाचा, वाळूच्या कणांवरचं लोह हवेत गंजलं आणि तसंच राहिलं.

त्या काळचं चित्र डोळ्यासमोर आणायचं तर आज दिसणारं सगळं हिरवं पुसून टाकावं लागेल. गवत नाही, फुलं नाहीत, झाडं नाहीत. जमिनीवर वनस्पती नुकत्याच स्थिरावत होत्या. स्टोरी आर्म्सजवळ, अगदी ए४७० च्या कडेला, क्रेग अ व्रो नावाची जुनी दगडखाण आहे, तिथे त्या वनस्पतींचे जीवाश्म मिळालेत. त्यातल्या एकीचं नाव गॉसलिंगिया ब्रेकोनेन्सिस, १९२७ साली तिचं वर्णन प्रसिद्ध झालं. नुसती फांद्या फुटलेली गुळगुळीत काडी, पानं नाहीतच. असल्या काड्या काठाची माती धरून ठेवणार किती, त्यामुळे नद्या पात्रात गुमान राहायच्या नाहीत, पूर आला की चहूकडे पसरायच्या आणि वाळूची चादर टाकून जायच्या. म्हणून हे थर इतके सपाट आणि लांबलचक आहेत.

उत्तरेच्या कड्यावरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे हेच थर. आपल्याकडच्या माणसाला ते बघून सह्याद्री आठवणारच, मलाही आठवला, पण साम्य दिसण्यापुरतंच. सह्याद्रीतला थर हा लाव्हाचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, इथला थर नदीच्या गाळाचा आणि वयाने सहापट जुना. इथे वालुकाश्माचा टणक पट्टा आणि चिखलाच्या खडकाचा मऊ पट्टा असे आलटून पालटून येतात, मऊ आत खचतो, टणक पुढे राहतो, हिवाळ्यात त्यावर बर्फ बसला की प्रत्येक पट्टा वेगळा मोजता येतो.

माथ्यावर पोचल्यावर लोक रांग लावून बोर्डासोबत फोटो काढतात (खरंच रांग असते), तेवढ्यात जरा पायाखाली बघा. माथा सपाट आहे आणि दगडाच्या फरशांवर कुठे कुठे बारीक लाटांसारख्या रेघा आहेत. वाहत्या उथळ पाण्याने वाळूवर पाडलेल्या या रेघा दगडात तशाच टिकल्यात. ही वरची फरशी प्लॅटो बेड्स नावाच्या थराची, खालच्या तपकिरी थरांपेक्षा जास्त टणक. या दोन थरांच्या मधली कोट्यवधी वर्षं गायब आहेत, त्या काळात इथे गाळ साचण्याऐवजी झीजच झाली, त्यामुळे त्यांचा खडक शिल्लकच नाही. पेन अ व्हॅन आणि शेजारचा कॉर्न डी (८७३ मीटर) या दोघांच्या डोक्यावर ही टणक टोपी आहे म्हणून दोघांचे माथे टेबलासारखे सपाट, आणि पलीकडच्या क्रिबिनची (७९५ मीटर) टोपी झिजून गेलीय म्हणून तो टोकदार.

आता मूळ प्रश्नाकडे. थर दक्षिणेकडे कललेले, त्यामुळे दक्षिणेचा उतार हा जवळजवळ थरांच्याच पाठीवरून जातो, पडवीचं छप्पर जसं एकाच बाजूला उतरतं तसा. उत्तरेला मात्र थरांच्या कापलेल्या कडा उघड्या पडतात. एवढ्यानेच एक बाजू सौम्य आणि एक बाजू उभी व्हायला हवी, आणि जगात असे कललेले डोंगर पुष्कळ आहेत. पण पेन अ व्हॅनच्या उत्तरेला नुसती उभी बाजू नाही, तिथे चमच्याने उकरून काढल्यासारख्या खोलगट दऱ्या आहेत, त्यांना वेल्शमध्ये कुम म्हणतात, आपल्या भूगोलाच्या पुस्तकात हिमगव्हर. नुसत्या कलाने तशा दऱ्या होत नाहीत, ते काम बर्फाचं.

गेल्या साधारण २६ लाख वर्षांत ब्रिटनवर बर्फ अनेकदा आला आणि गेला. शेवटची मोठी लाट वीस-बावीस हजार वर्षांपूर्वी जोरात होती, मग वितळली, आणि नंतर सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी थंडीचा एक छोटा झटका आला तेव्हा अशा आडोशाच्या जागी लहान लहान हिमनद्या पुन्हा तयार झाल्या. आता त्या उत्तरेलाच का? एक तर सूर्य. हे ठिकाण जवळपास ५२ अंश उत्तर अक्षांशावर आहे, डिसेंबरच्या शेवटी इथे भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या वर १५ अंशसुद्धा येत नाही. पुण्यात त्याच दिवशी दुपारी तो ४८ अंशांवर असतो, हे शेजारी ठेवून बघा. इतक्या खालच्या सूर्याचं ऊन उत्तरेच्या उभ्या कड्याच्या पायथ्याशी पोचणं शक्यच नाही, म्हणजे हिवाळाभर तिथे सावली. दुसरं कारण वारा, आणि मला वाटतं हे जास्त मजेशीर आहे. इथे मुख्य वारा नैऋत्येकडून येतो, अटलांटिकवरून. तो दक्षिणेच्या मोकळ्या उतारावरचा आणि सपाट माथ्यावरचा भुसभुशीत बर्फ उडवतो आणि कडा ओलांडला की त्याचा जोर एकदम कमी होतो, मग सगळा बर्फ तो पलीकडे उत्तर-पूर्वेच्या बाजूला टाकून देतो. म्हणजे आकाशातून पडलेला बर्फ तर मिळतोच, वर शेजारच्याचाही मिळतो, आणि मिळालेला वितळत नाही.

असा बर्फ वर्षानुवर्षं साचला की स्वतःच्या वजनाने घट्ट होतो आणि सरकायला लागतो. सरकताना खालचा खडक खरवडतो. वरच्या कड्याच्या भेगांमध्ये पाणी शिरतं, गोठताना ते साधारण ९ टक्के फुगतं, भेग रुंदावते, दगड सुटतो, बर्फावर पडतो आणि तोही पुढे खरवडायच्या कामाला लागतो. दरी खोल होत जाते, पाठीमागची भिंत उभी होत जाते आणि मागे मागे सरकते. बर्फ वितळल्यावर त्याने ढकलत आणलेला दगडमातीचा ढीग, म्हणजे हिमोढ, दरीच्या तोंडाशी तसाच राहतो आणि मागे पाणी अडतं. कॉर्न डीच्या खाली असंच एक तळं आहे, ल्लिन कुम ल्लूख, वरून बघितलं तर गोल, काळं आणि अगदी छोटं दिसतं. तळ्याभोवती लोककथा आहेतच, एका कथेत गावकरी तळं फोडायला जातात तेव्हा पाण्यातून लाल कोट घातलेला राक्षस वर येतो आणि म्हणतो, माझी झोपमोड केलीत तर आख्खं ब्रेकन गाव बुडवीन. कथेतल्या माणसांना एवढं बरोबर कळलेलं दिसतं की हे पाणी एका मातीच्या बांधामागे अडलंय आणि गाव खाली आहे.

हवेचं थोडं सांगायला हवं कारण लोक फसतात. पार्किंगपासून माथा सुमारे साडेचारशे मीटर वर, उंचीने तापमान दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी उतरतं असं धरलं तर वर जेमतेम ३ अंश कमी. ऐकायला काहीच नाही, पण वर वारा उघडा लागतो आणि ढग मिनिटांत खाली येतात, मग समोरचा माणूस दिसत नाही. याच डोंगरावर १९०० साली वाट चुकून एक पाच वर्षांचा मुलगा गेला, त्याच्या आठवणीचा दगडी स्तंभ त्या तळ्याच्या वरच्या धारेवर आहे. स्वच्छ दिवशी मात्र माथ्यावरून क्षितिज साधारण १०६ किलोमीटर दूर असतं (पृथ्वीच्या गोलाईवरून हिशोब केला तर), त्यामुळे ब्रिस्टल चॅनलचं पाणी आणि त्यापलीकडचे एक्समूरचे डोंगर आरामात दिसतात. रेनकोट मात्र जुलैतही न्या.

पाऊस इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगराने वर ढकलली की गार होते आणि पाणी सोडते, आपल्या घाटमाथ्यावर होतं तेच. महाबळेश्वरला याच्या दुपटीहून जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत संपतो. इथे बारा महिने थोडा थोडा, आणि वर गारवा. त्यामुळे जमीन कायम चिंब असते, चिंब जमिनीत ऑक्सिजन पोचत नाही आणि मेलेलं गवत, शेवाळ पूर्ण कुजतच नाही. ते साचून काळा मऊ थर तयार होतो, त्याला पीट म्हणतात. वाढीचा वेग वर्षाला साधारण एक मिलिमीटर. महाबळेश्वरचं गवत उन्हाळ्यात वाळतं, कुजतं, संपतं, म्हणून तिथे असा थर जमत नाही. पीट पावसाचं पाणी धरून ठेवतं, कार्बनही, आणि शेजारच्या खोऱ्यातली तीन धरणं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून कार्डिफला पाणी देण्यासाठीच बांधलेली आहेत.

पण एक मिलिमीटर बनायला एक वर्ष आणि उडवायला एक बूट. दरवर्षी लाखो लोक या एकाच वाटेने जातात, वाट चिखलाची झाली की लोक तिच्या कडेने चालतात, मग कड चिखलाची होते, मग आणखी कडेने. गवत गेलं की पावसाचं पाणी पीट धुऊन नेतं आणि खालचा लाल दगड उघडा पडतो. १९६५ पासून हा डोंगर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, त्यांनी मुख्य वाटेवर दगड बसवून पक्का जिना केल्यासारखं केलंय, काही जणांना ते आवडत नाही, डोंगरात फूटपाथ कशाला म्हणून. माझं मत विचाराल तर तो दगडी पट्टा नसता तर आज तिथे वीस-पंचवीस मीटर रुंद चिखल असता, तेव्हा गुपचूप त्यावरूनच चालावं. वरच्या दगडांच्या राशीवरही चढू नये, ती ब्रॉन्झ युगातली समाधी आहे, १९९१ च्या उत्खननात तिथे काशाचा ब्रोच आणि भाल्याचं टोक मिळालं होतं.

आणि उत्तरेच्या त्या सावलीतल्या कड्यावर अजून एक गोष्ट शिल्लक आहे. पर्पल सॅक्सिफ्रेज नावाची जांभळ्या फुलांची, दगडाला चिकटून वाढणारी वनस्पती. ही ध्रुवाकडची, ग्रीनलंडच्या उत्तर टोकापर्यंत सापडते. बर्फयुगात ती ब्रिटनभर असणार, हवा तापली तशी मागे हटली आणि आता ब्रिटनच्या दक्षिणेकडच्या तिच्या शेवटच्या ठिकाणांपैकी एक म्हणजे हे कडे. इथे टिकली त्याला तीन गोष्टी लागल्या, थंड सावली, कड्यावरच्या काही पट्ट्यांमधला चुना आणि मेंढीचं तोंड पोचणार नाही असा उभेपणा. हवा आणखी तापली तर झाडंझुडपं एरवी वर सरकतात, हिच्यासाठी वर सरकायला जागाच नाही, माथा आलाय. मार्च-एप्रिलमध्ये फुलते. बघायची असेल तर दुर्बीण न्या आणि वाटेवरूनच बघा, कड्याचा दगड सुटा आहे आणि ओला असला की बूट घसरतो.