सेंद्रिय भाजीपाला: नियम पिशवीवर, परिणाम मातीत

१९१३ मध्ये जर्मनीतल्या ओप्पाऊ इथे हवेतल्या नत्रापासून (नायट्रोजन) रासायनिक खतांना लागणारा अमोनिया बनवणारा कारखाना सुरू झाला. नत्रासाठी शेण, मूत्र आणि द्विदल पिकांवर अवलंबून राहण्याची गरज तिथून कमी होत गेली. सेंद्रिय शेतीचा विचार उभा राहिला तो याला उत्तर म्हणून.

कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी वाय. डी. वाड यांनी इंदूरमध्ये बसवलेली कंपोस्टची पद्धत १९३१ मध्ये पुस्तकरूपाने आली: काडीकचरा, शेण, मूत्र शोषलेली माती आणि राख यांचे थर, तीन वेळा पलटणी, तीन महिन्यांत खत. यात खताचा कच्चा माल त्याच शेतातला होता, हे विसरून चालत नाही. इंग्लंडमधल्या हॉलीच्या शेतावर १९३९ मध्ये सेंद्रिय आणि रासायनिक पद्धतींची तुलना सुरू झाली, तेव्हाही पिकं, जनावरं आणि शेत हे एकच चक्र धरलं होतं.

१९९१ मध्ये युरोपीय समुदायाने सेंद्रिय शेतीचे नियम कायद्यात आणले. ते मुख्यतः काय वापरायचं आणि काय नाही यावर बेतलेले होते. तपासणीला ते सोयीचं, कारण पिशवी आणि पावती पाहता येते. मातीत किती साठलं आणि किती वाहून गेलं ते सहज दिसत नाही.

याचा फटका भाजीपाल्यातच जास्त. बहुतेक भाजीवाल्यांकडे जनावरं नसतात, त्यामुळे खत बाहेरून येतं. कोरड्या कंपोस्टमध्ये १.५ टक्के नत्र आणि ०.५ टक्के स्फुरद (फॉस्फरस, मूलद्रव्य रूपातला) धरा. हेक्टरी १० टनांतून १५० किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद पडतो. हेक्टरी ५० टन कोबी काढली, तर गड्ड्यांबरोबर स्फुरद जातो २० किलोच्या आसपास. त्यातून कंपोस्टमधल्या नत्राचा थोडाच भाग पहिल्या वर्षी पिकाला मिळतो, म्हणून खताचा हात आणखी सैल सुटतो. युरोपीय नियमात शेणखतातून येणाऱ्या नत्राला हेक्टरी वर्षाला १७० किलोची मर्यादा आहे, पण नत्राची मर्यादा पाळूनही स्फुरद साचतच राहतो. पुढे तो मातीच्या धुपेबरोबर ओढ्या-तळ्यांत जातो आणि शेवाळ माजतं. उपाय म्हणजे खताची मात्रा स्फुरदावरून ठरवायची आणि उरलेला नत्र फेरपालटातल्या द्विदलांकडून घ्यायचा.

तिथेही वेळ चुकली की नुकसान होतं. खतासाठी वाढवलेलं द्विदलाचं हिरवळीचं पीक गाडून रान मोकळं ठेवलं आणि मोठा पाऊस झाला, तर नायट्रेट, म्हणजे नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप, मुळांच्या खाली निघून जातं. गाडल्यावर दोन-तीन आठवड्यांत पुढची लागवड हवी. पालक, लेट्यूससारखी उथळ मुळांची भाजी तर खोलवर गेलेला नत्र परत वर आणूच शकत नाही.

उत्पादनातल्या तफावतीचा वाद जुनाच आहे. २०१२ मधल्या एका मोठ्या आढाव्यात सेंद्रिय उत्पादन पीक आणि पद्धतीनुसार ५ ते ३४ टक्के कमी आढळलं, आणि भाज्यांमधली घट ३४ टक्क्यांच्या टोकाजवळ होती. तेवढं उत्पादन भरून काढायला जमीन जास्त लागते. त्यामुळे हेक्टरी प्रदूषण आणि किलोमागचं प्रदूषण हे दोन वेगळे आकडे मांडायला हवेत. जाहिरातीत बहुधा पहिलाच असतो.

नियमांचा रोख आता थोडा वळतो आहे. बोर्डो मिश्रणातलं (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) तांबं मातीत विघटित होत नाही, तरी ते सेंद्रियात चालतं. युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. स्फुरदाला अशी एकूण मर्यादा युरोपच्या सेंद्रिय नियमांत अजून लागलेली नाही.