शिक्षण सेवक व्हायचंय? अभ्यासाआधी आजोबांचा दाखला शोधा

बारावीचा निकाल लागला की अमळनेर, पारोळा, शिंदखेडा भागात घरोघरी एक विषय निघतोच: पोरीला डी.एड.ला घालायचं का? जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षण सेवक, म्हणजे सुरुवातीला मानधनावर काम करणारा शिक्षक, होण्याची वाट आजही तिथूनच सुरू होते. फक्त आता त्या वाटेवर टप्पे वाढलेत, आणि कुठल्या टप्प्याला कुठला कागद लागतो हे आधी कुणी सांगत नाही.

जुनं डी.एड. म्हणजे आताचं डी.एल.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. बारावीला खुल्या प्रवर्गातून 49.5 टक्के आणि राखीव प्रवर्गातून 44.5 टक्के गुण लागतात, शाखा कुठलीही चालते. प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. शाळेत प्रत्यक्ष पाठ घेणं अभ्यासक्रमातच आहे, ते मनापासून करा. पदवी आणि बी.एड. झालेल्यांनी एक लक्षात ठेवावं. 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानुसार पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, त्या वर्गांसाठी डी.एल.एड.च हवं.

पुढे टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. पात्र व्हायला खुल्या प्रवर्गाला 60 टक्के, राखीव प्रवर्गाला 55 टक्के लागतात. पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी 30 गुणांचे. एकदा पात्र झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

बालमानसशास्त्राचे 30 गुण पोरी पाठांतरावर काढायला जातात. पहिलीच्या वर्गात आठवडाभर बसून बघा. पोरगं बाईंना म्हणतं, “माले पानी पेवानं शे,” आणि बाई म्हणतात, “नीट मराठीत सांग.” ते पोर पुन्हा दिवसभर तोंड उघडत नाही, तहान लागली तरी. मातृभाषेतून शिकणं म्हणजे काय, हे ज्याने हे बघितलंय त्याला पुस्तकातून वेगळं शिकावं लागत नाही. ज्या पोरींना अहिराणी, भिलोरी किंवा पावरी येते, त्यांच्याकडे धडगावपासून चाळीसगावपर्यंतच्या शाळांना हवं असलेलं भांडवल आहे. ते लपवू नका.

टीईटीने फक्त पात्रता मिळते. नेमणुकीसाठी टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, ही वेगळी परीक्षा आहे: संगणकावर दोन तास, 200 गुण. त्यात 120 गुण अभियोग्यतेचे आणि 80 बुद्धिमत्तेचे. इथे पास-नापास नसतं, मिळालेल्या गुणांवर क्रम लागतो. आणि ती दरवर्षी होत नाही. 2017, मग 2023, मग 2025. म्हणून जाहिरात आली की कागद काढू, असं म्हणणारे मागे पडतात.

टेटनंतर पवित्र पोर्टलवर, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावर, स्वप्रमाणपत्र म्हणजे आपली माहिती भरायची, मग जागा दिसल्या की प्राधान्यक्रम लावून लॉक करायचे. जिल्हा परिषद, नगरपालिकेच्या जागा विनामुलाखत भरतात. खासगी संस्थांना मुलाखतीचा पर्यायही असतो. स्वप्रमाणपत्रात जे लिहाल ते कागदपत्र तपासणीत जसंच्या तसं दिसलं पाहिजे. तिथे चुकलेला एक टक्का किंवा चुकलेला प्रवर्ग हातची जागा घालवतो.

आता कागद. दहावी, बारावी, डी.एल.एड.ची गुणपत्रकं आणि प्रमाणपत्रं, टीईटीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर आणि लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र. यातले बरेचसे सेतूतून महिन्या-दोन महिन्यांत निघतात. अडतं ते जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे आपल्या भाषेत व्हॅलिडिटी: जातीचा दाखला तपासून खरा ठरल्याचा कागद.

तिथे वडिलांकडचे जुने पुरावे लागतात. ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या, भटक्या-विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आणि अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचे. म्हणजे आजोबा ज्या मराठी शाळेत होते तिथलं जनरल रजिस्टर उघडावं लागतं. पानं पिवळी, कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली, नाव एका ओळीत आणि जात शेजारच्या रकान्यात दोन अक्षरांत. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 मध्ये जन्म-मृत्यूची नोंद शोधा. चुलत्याची किंवा चुलत भावाची व्हॅलिडिटी निघालेली असेल तर ती वंशावळीसोबत जोडा, काम बरंच हलकं होतं. डी.एल.एड.ला प्रवेश घेतला त्याच वर्षी, कॉलेजच्या पत्रासह अर्ज टाका. दोन वर्षं हाताशी असतात.

लग्न झालेल्या मुलींनी जातीचा दाखला माहेरच्या नावानेच काढायचा. सासरचं नाव लावलं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला जोडा. आधारवर एक आणि गुणपत्रकावर दुसरं नाव असेल तर ते आजच दुरुस्त करायला घ्या.

नंदुरबार जिल्ह्यातला मोठा भाग, साक्री-शिरपूरची काही गावं आणि चोपडा, यावल, रावेरचे सातपुड्याकडचे पाडे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथल्या स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी 2014 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेत शिक्षकपदही आहे. त्यासाठी स्वतःचं किंवा आई-वडील, आजी-आजोबांचं 26 जानेवारी 1950 पासून त्या क्षेत्रातलं वास्तव्य दाखवावं लागतं. हा पुरावा घरात नसेल तर आधी तलाठ्याकडे जा.

निवड झाली की प्राथमिकला तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून महिन्याला 16,000 रुपये मानधन, मग नियमित वेतनश्रेणी. गाव दूर मिळेल, खोली भाड्याने घ्यावी लागेल, हे घरच्यांशी आधीच बोलून ठेवा. सगळ्या मूळ कागदांची एक फाईल, तिच्या तीन झेरॉक्स प्रती आणि मोबाईलमध्ये स्कॅन, एवढं या उन्हाळ्यात होऊ द्या.