शॉक वेगळा, शॉर्ट वेगळा: बोनेट उघडण्याआधी एवढं समजून घ्या

बोनेट उघडून काम करणाऱ्याला "बॅटरी सोडवलीस का रे?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "बारा व्होल्टला काय होतंय? हे बघा, हात लावून दाखवतो." आणि तो खरंच दोन्ही टर्मिनलांवर बोटं ठेवून दाखवतो. काही होत नाही. बघणाऱ्यांची खात्री पटते आणि त्याच बॅटरीशेजारी उघडा लोखंडी पाना फिरायला लागतो. त्या प्रयोगातून सिद्ध होतं ते एवढंच, की बारा व्होल्टचा शॉक लागत नाही. शॉर्ट होईल की नाही, याचा त्यातून काडीचाही अंदाज येत नाही. तरी हा दाखला गॅरेजात चालतो, सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालतो आणि घरच्या घरी गाडी दुरुस्त करायला शिकवणाऱ्या व्हिडिओंतही चालतो.

शॉक म्हणजे काय ते लहानपणापासून आपल्या अंगात मुरलेलं आहे. वीज माणसाच्या शरीरातून जाते आणि घरच्या 230 व्होल्टला ती जीव घेऊ शकते. म्हणून पायात रबरी चप्पल, हात कोरडे, खाली लाकडी पाट. यात नवं सांगण्यासारखं काही नाही.

शॉर्टमध्ये वीज तुमच्या शरीरातून जातच नाही. ती जाते पान्यातून, पकडीतून, स्क्रूड्रायव्हरच्या दांडीतून, बोटातल्या अंगठीतून. बॅटरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिला धातूची सलग वाट मिळाली की झालं. तुम्ही त्या वाटेत नसता, त्यामुळे तुमच्या चपलेचा इथे काही संबंध नाही. "रबरी चप्पल घातलीय की" हे वाक्य बोनेटपाशी ऐकलं की मला खरोखर राग येतो, कारण बोलणाऱ्याला आपण खबरदारी घेतली असं मनापासून वाटत असतं.

आकडे मांडले की फरक लख्ख दिसतो. कोरड्या हाताचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, दहा हजार ओहमच्या घरात धरला, तर बारा व्होल्टला शरीरातून एक-सव्वा मिलिअँपिअर जाईल. ते जाणवतही नाही. आता हाताच्या जागी पाना ठेवा. पाना, त्याची दोन टोकं आणि बॅटरीचा आतला रोध हे सगळं मिळून 20 मिलिओहम (म्हणजे 0.02 ओहम) धरले, तर त्याच बारा व्होल्टला 600 अँपिअर होतात. व्होल्टेज तेच, बॅटरी तीच, पण प्रवाहात काही लाख पटींचा फरक. मधे काय आलं, हात की लोखंड, यावर सगळं ठरतं. व्होल्ट कमी म्हणजे धोका कमी, हा हिशोब फक्त शॉकसाठी खरा आहे. वर्कशॉपमधल्या वेल्डिंग मशीनचा आर्कसुद्धा 20 ते 30 व्होल्टवरच जळतो आणि तेवढ्यावर लोखंड वितळवतो. बॅटरीवर आडवा पडलेला पाना जागेवर चिकटून बसतो तो अशाच कारणाने. अंगठी मधे सापडली तर ती क्षणात तापते आणि बोट खोलवर भाजतं. हीही शॉकची जखम नसते.

घरच्या डीबी बॉक्समध्ये (मेन स्विचच्या पेटीत) या दोन धोक्यांना दोन वेगळी यंत्रं असतात. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी माणसाला शॉकपासून वाचवते, एमसीबी वायरिंगला शॉर्ट आणि जादा लोडपासून. गाडीत दिव्यांना, हॉर्नला, पंख्याला फ्यूज असतात, पण बॅटरीपासून सेल्फपर्यंत (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरपर्यंत) जाणाऱ्या जाड केबलवर बहुतेक गाड्यांमध्ये काहीच नसतं. सेल्फ फिरताना शंभर-दोनशे अँपिअर सहज खेचतो, म्हणून ती वाट मोकळी ठेवलेली असते. तिथे शॉर्ट झाला तर ट्रिप होऊन वाचवणारं कुणी नाही. वायर जळेपर्यंत, पाना वितळेपर्यंत किंवा बॅटरी फुटेपर्यंत प्रवाह चालूच राहतो.

चावी काढल्याने यात काही बदलत नाही. सेल्फवरचा मोठा नट आणि अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) मागचा नट चावी खिशात असतानाही जिवंत असतात.

आता टर्मिनल आधी कोणतं सोडायचं, याचा वाद. "एक तार काढली की सर्किट तुटलं, मग कुठली का असेना" असं म्हणणारे शेवटच्या स्थितीबद्दल बरोबर बोलतात. पण धोका शेवटच्या स्थितीत नसतो, नटवर पाना असतो त्या अर्ध्या मिनिटात असतो. गाडीची अख्खी बॉडी, इंजिन, ब्रॅकेट हे सगळं निगेटिव्हला जोडलेलं आहे. पॉझिटिव्हचा नट फिरवताना पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं, की थेट शॉर्ट. निगेटिव्हचा नट फिरवताना तेच टोक बॉडीला टेकलं तर काही होत नाही, कारण दोन्हीकडे निगेटिव्हच आहे. आणि एकदा निगेटिव्ह निघाली, की मग पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला लागला तरी वीज परत जायला वाट उरत नाही. म्हणून काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. जुन्या काही ब्रिटिश गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेली असे. तिथे अर्थिंगची, म्हणजे बॉडीला जोडलेली, तार पॉझिटिव्हच, म्हणून तीच आधी काढायची. अर्थिंगची तार कुठली ते बघा, रंगावर भिस्त ठेवू नका. मात्र निगेटिव्ह काढल्यावरही पाना बॅटरीवर आडवा पडून दोन्ही टर्मिनलांना टेकला तर शॉर्ट होणारच. बॅटरी सोडवली म्हणजे ती रिकामी झाली असं नाही.

काढलेली केबल बॅटरीवरच लोंबकळत ठेवू नका. ती जाड असते, पीळ घेऊन परत टर्मिनलवर येऊन बसते. कापडात गुंडाळून बाजूला अडकवा. एअरबॅगजवळचं काम असेल तर केबल काढल्यावर मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबा. घड्याळ आणि रेडिओचं सेटिंग जातं म्हणून काही जण केबल काढायचं टाळतात. सेटिंग परत करता येतं.

दहा मिलिमीटरच्या पान्याला टोकाचा भाग सोडून बाकी सगळीकडे टेप गुंडाळून ठेवा. माझी पसंती नटला सगळीकडून धरणाऱ्या आखूड रिंग पान्याला. उघड्या तोंडाचा फिक्स पाना नटवरून सटकतो आणि सटकला की नेमका बॉडीवर जातो. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ, गळ्यातली चेन हे सगळं काढून ठेवायचं.

पॉझिटिव्हवरची लाल टोपी हा माझा खास रागाचा विषय. बॅटरी बदलून आणलेल्या कितीतरी गाड्यांवर ती नसतेच, "काढायला अडचण होत होती" म्हणून. ती किरकोळ किमतीला मिळते आणि सटकलेला पाना तीच अडवते. दुसरा राग बाहेर बसवलेल्या हॉर्नवर आणि फॉगलॅम्पवर. वायर थेट बॅटरीवरून ओढलेली, फ्यूज नाही. नंतर ती वायर इंजिनच्या पत्र्यावर घासून सोलली किंवा उंदराने कुरतडली, तर पान्याशिवायच शॉर्ट होतो. फ्यूज हवा आणि तो बॅटरीपासून वीतभराच्या आत हवा. हॉर्नजवळ बसवलेला फ्यूज मधल्या सगळ्या वायरचं रक्षण करत नाही.

स्क्रूड्रायव्हर टर्मिनलांवर घासून ठिणगी पाडून "बॅटरी चार्ज आहे का" बघण्याची सवय तर बंदच व्हायला हवी. चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो 4 टक्क्यांवर गेला की ठिणगीने पेटतो. मग उडतं ते सल्फ्युरिक ॲसिड. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांना येतो. गाडी बंद करून काही तास उभी असताना 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवला की बॅटरी भरलेली आहे. जंप स्टार्टला, म्हणजे दुसऱ्या बॅटरीवरून गाडी चालू करताना, शेवटचा काळा चिमटा बंद पडलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब लावायचा तो याच हायड्रोजनमुळे.

बोनेटखाली शॉकची भीती बाळगायच्या जागा मुख्यतः दोन. पेट्रोल इंजिन चालू असताना इग्निशन कॉइल आणि प्लगच्या तारा, कारण तिथे हजारो व्होल्ट असतात. आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबल. त्यांच्यात साधारणपणे शेकडो व्होल्ट डीसी असतो आणि बारा व्होल्टची निगेटिव्ह काढली म्हणून त्या सुरक्षित झाल्या असं समजायचं नाही. प्रशिक्षण घेतलेल्या माणसाशिवाय कुणी त्यांना हात लावू नये.