शेफील्डमधील बेकारी (१९२०–३९)

इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील शेफील्ड या पोलादनगरीत दोन महायुद्धांमधील जवळजवळ सर्व काळ मोठी बेकारी होती. तिचे मूळ शहराच्या उद्योगांच्या घडणीतच होते. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीने ती विकोपाला नेली. मंदीच्या ऐन भरात, १९३१-३२ च्या सुमारास, बेकारी विमा उतरवलेल्या कामगारांपैकी सुमारे एक तृतीयांश कामगार कामाविना होते.

डॉन नदीच्या खोऱ्यात, ॲटरक्लिफ आणि ब्राइटसाइड या पूर्वेकडील भागांत, अवजड पोलादाचे कारखाने होते. व्हिकर्स, जॉन ब्राउन, फर्थ, हॅडफील्ड्स या कंपन्या युद्धनौकांचे चिलखती पत्रे, तोफा आणि तोफगोळे बनवत. युद्धात त्यांचा विस्तार झाला. शांतता येताच मागणी आटली आणि १९२२ च्या वॉशिंग्टन नाविक कराराने नव्या युद्धनौकांवर मर्यादा घातल्यावर चिलखती पत्र्यांचे काम जवळजवळ थांबले. १९२५ मध्ये पौंड युद्धपूर्व दराने सुवर्णाशी पुन्हा जोडला गेल्याने निर्यातही महागली. कंपन्यांनी विलीनीकरणाचा मार्ग धरला आणि १९२९ मध्ये इंग्लिश स्टील कॉर्पोरेशन, तर १९३० मध्ये फर्थ-ब्राउन अस्तित्वात आली.

चाकू, कात्र्या, वस्तरे आणि चांदीचा मुलामा दिलेली भांडी यांच्या जुन्या धंद्याची कहाणी निराळी आहे आणि आकडेवारीत ती पुरती उमटत नाही. हा धंदा बहुतांशी छोट्या कार्यशाळांत चाले. तेथे ‘लिट्ल मेस्टर’ म्हणून ओळखले जाणारे स्वतंत्र कारागीर भाड्याच्या जागेत, एक-दोन मदतनिसांसह, घडाई किंवा धार लावण्याचे एखादेच काम करत. ते कोणाचे नोकर नसल्यामुळे १९२० च्या बेकारी विमा कायद्याचे संरक्षण त्यांना नव्हते. काम आले नाही तर त्यांची मिळकत बंद पडे, पण बेकारांच्या नोंदीत त्यांचे नाव नसे. इतर अनेकांना आठवड्यातील काही दिवसच काम मिळे. जर्मनीतील झोलिंगेनची स्पर्धा जुनीच होती, त्यात सेफ्टी रेझरने वस्तऱ्यांची बाजारपेठ खाल्ली. १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी याच शहरात विकसित केलेले गंजरोधक पोलाद सुऱ्यांसाठी सर्रास वापरले जाऊ लागले, तरी हातकामाची घसरण थांबली नाही.

१९२६ मध्ये मजूर पक्षाने नगरपरिषद जिंकली. १९३१ च्या अखेरीस लागू झालेली ‘मीन्स टेस्ट’, म्हणजे बेकारभत्ता देण्यापूर्वी होणारी घरच्या उत्पन्नाची चौकशी, सर्वांत अधिक सलली, कारण घरातील कमावत्या मुला-मुलींचे वेतनही मोजून बापाचा भत्ता कापला जाई. फेब्रुवारी १९३५ मध्ये भत्त्याच्या नव्या दरांविरुद्ध हजारो लोक टाउन हॉलवर चालून गेले आणि पोलिसांशी चकमकी झडल्या. देशभरातील अशा विरोधामुळे सरकारने ते दर स्थगित केले.

सरकारने शस्त्रसज्जता हाती घेतल्यावर, विशेषतः १९३६ नंतर, पूर्वेकडील भट्ट्या पुन्हा पेटल्या आणि कुशल कामगारांची टंचाई भासू लागली. छोट्या कार्यशाळांच्या वाट्याला मात्र या तेजीतले फारसे काही आले नाही.