मागचे स्पीकर लहान कसे झाले

घरातल्या सराउंड सेटमध्ये मागचे दोन स्पीकर नेमकं काय काम करतात, हे कळायला एक सोपा उद्योग आहे. रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारं यंत्र, बंद करून समोरच्या तिन्ही स्पीकरच्या वायरी आणि फक्त खर्ज वाजवणाऱ्या सबवूफरची केबल काढून ठेवायची, मग पाहिलेलाच एखादा सिनेमा फक्त मागच्या स्पीकरवर ऐकायचा. मी हे दोनदा केलं, एकदा जुन्या व्हिडिओ कॅसेटवर आणि एकदा डिस्कवर. कॅसेट लावली तेव्हा शेजारच्या खोलीत कुणीतरी टीव्ही सुरू ठेवलाय असं वाटलं. पावसाची कुजबुज, पार्श्वसंगीताचं शेपूट, दोन्हीकडून अगदी एकच आवाज आणि त्याची वरची धार बोथट. डिस्कवर मात्र हेलिकॉप्टर डाव्या कानामागून उजवीकडे गेलं, आणि पात्यांचे फटके इतके भरीव की भिंतीवरच्या छोट्या डब्याची दमछाक स्पष्ट ऐकू आली.

स्पीकर तेच होते, त्यांच्याकडे येणारं काम बदललं होतं. लहान खोलीसाठी सराउंड स्पीकर निवडताना 'मागचे कसलेही चालतात' हा जो सल्ला हमखास मिळतो, तो कॅसेटच्या काळात बऱ्यापैकी खरा होता. काळ गेला, सल्ला राहिला.

मागच्या स्पीकरचं हे दुय्यमपण चित्रपटगृहातूनच आलेलं आहे. १९४० मध्ये डिस्नेने 'फँटेशिया'साठी फँटासाउंड ही पद्धत उभारली आणि प्रेक्षकांभोवती आवाज फिरवून दाखवला, पण ती इतकी अवजड आणि खर्चिक होती की मोजक्याच ठिकाणी बसली. रुळलेली गोष्ट म्हणजे १९५३ चं सिनेमास्कोप. त्यात फिल्मवर चार चुंबकीय पट्ट्या असत, तीन पडद्यामागच्या स्पीकरसाठी आणि चौथी प्रेक्षागृहातल्या स्पीकरसाठी. ही चौथी पट्टी अरुंद होती, त्यामुळे तिच्यातून सतत खरखर येई. त्यावरचा उपाय मजेशीर होता. जिथे मागून खरोखर काही ऐकवायचं असेल, तिथे त्या पट्टीवर १२ हजार हर्ट्झचा एक बारीक सूर भरून ठेवायचा. तो मिळाला की यंत्रणा मागचे स्पीकर चालू करी, संपला की बंद. म्हणजे बोलावलं तरच बोलायचं, एरवी गप्प बसायचं.

सत्तरच्या दशकात घरी संगीत ऐकणाऱ्यांसाठी क्वाड्राफोनिक आलं. चार कोपऱ्यांत चार सारखे स्पीकर, मागच्यांना पुढच्यांइतकाच मान. कल्पना काळाच्या पुढची होती. पण एकमेकांशी न जुळणाऱ्या तीन-तीन पद्धती बाजारात उतरल्या, ग्राहक गोंधळला आणि दशक सरता सरता सगळं आवरलं. माझ्या मते त्या खोक्यांच्या आकाराचाही यात हात होता. बैठकीच्या खोलीत दोन मोठी खोकी घरचे सहन करतात, चार नाही.

त्याच सुमारास डेव्हिड हॅफलर या अमेरिकी अभियंत्याने एक युक्ती लोकांपुढे ठेवली. साध्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या दोन लाल टोकांमध्ये तिसरा स्पीकर जोडायचा. दोन्हीकडे जो आवाज सारखा आहे, म्हणजे मधोमध उभा असलेला गायक, तो तिथे आपोआप वजा होतो. उरतो तो डाव्या-उजव्यातला फरक: सभागृहाचा घुमारा, टाळ्या, वातावरण. हा स्पीकर मागे ठेवला की खोली मोठी झाल्यासारखी वाटते. यात चिप नाही, वेगळा ॲम्प्लिफायर नाही, फक्त वायर. (आजच्या अनेक ॲम्प्लिफायरची अंतर्गत रचना वेगळी असते. हा प्रयोग त्यांवर करू नका, ते जळू शकतात.)

वजाबाकीचा हाच विचार डॉल्बी स्टिरिओमध्ये पद्धतशीर वापरला गेला. १९७० च्या दशकाच्या मध्यात आलेल्या या पद्धतीत फिल्मवरच्या दोन ध्वनिपट्ट्यांत चार वाहिन्या दुमडून ठेवलेल्या असत: डावी, मधली, उजवी आणि सराउंड. फिल्मची व्हिडिओ कॅसेट निघाली तरी त्या दोन वाहिन्यांत ही घडी तशीच टिकून राही. मग ती घरी उलगडायला काय हरकत, असा प्रश्न साहजिकच पडला. १९८२ मध्ये घरगुती उपकरणांसाठी डॉल्बी सराउंड आलं, आणि १९८७ मध्ये संवादांसाठी मधली वाहिनी वेगळी काढणारं प्रो लॉजिक.

आता त्या काळच्या मागच्या स्पीकरपर्यंत काय पोचत होतं ते पाहा. वाहिनी एकच, स्पीकर दोन लावले तरी दोघांना तोच आवाज. वरची मर्यादा ७ हजार हर्ट्झ. ती का? वजाबाकी कधीच पूर्ण होत नाही. दोन पट्ट्यांत जरा फरक पडला की समोरच्या संवादांतले 'स' आणि 'श' गळून मागे जात, आणि नट समोर बोलत असताना त्याचे सीत्कार मानेमागून ऐकू येत. तीक्ष्ण आवाज कापून टाकणं हा त्यावरचा धोपटमार्ग होता. दुसरा उपाय विलंबाचा. हेल्मुट हास याने १९४९ च्या सुमारास दाखवून दिलं होतं की एकच आवाज दोन ठिकाणांहून काही मिलिसेकंदांच्या अंतराने आला, तर तो जिथून आधी पोचतो तिथूनच आला असं आपल्याला वाटतं. लहान खोलीत मागचा स्पीकर कानाशी, समोरचे लांब. म्हणून मागचा आवाज साधारण २० मिलिसेकंद थोपवून धरत, म्हणजे गळती झालीच तरी मेंदू ती समोरच्याच खात्यावर टाकी.

ढोल नाही, धार नाही, डावं-उजवं नाही. एवढ्या कामाला मोठी पेटी कशाला? लहान, स्वस्त, भिंतीला टांगता येणारा डबा पुरे होता, आणि दुकानदार तसं सांगत तेव्हा फसवत नव्हते.

पेटी लहान होण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि सिनेमाशी तिचा मुळात संबंध नाही. १९५० च्या दशकापर्यंत खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी लागे. एडगर व्हिलचर याने विचार उलटा केला. स्पीकरमधल्या हवा ढकलणाऱ्या शंकूला आपल्या जागी परत आणणारी कडक किनार सैल करायची आणि ते काम हवाबंद पेटीत कोंडलेल्या हवेकडून करून घ्यायचं. हवेची स्प्रिंग कापडी किंवा कागदी किनारीपेक्षा एकसारखी वागते, त्यामुळे खर्ज स्वच्छ येतो आणि पेटी फळीवर मावते. १९५४ मध्ये त्याने हेन्री क्लॉससोबत ॲकॉस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. पुढे १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या आल्या आणि प्रत्येकाला एकाऐवजी दोन पेट्या लागू लागल्या, तेव्हा फळीवर मावणाऱ्या स्पीकरचं नशीबच उघडलं.

फुकट काहीच मिळालं नव्हतं. क्लॉसचा नंतरचा भागीदार जोसेफ अँटन हॉफमन याच्या नावाने एक 'लोखंडी नियम' ओळखला जातो: लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. पुढे नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी या घासाघिशीचं नेमकं गणित मांडलं आणि पेटीची मापं अंदाजाने नाही, आकडेमोडीने ठरू लागली. बीबीसीने बाहेरच्या ध्वनिमुद्रणाच्या गाडीत बसेल असा जेमतेम ५ लिटरचा एलएस३/५ए हा मॉनिटर, म्हणजे ध्वनिमुद्रण तपासायचा स्पीकर, सत्तरच्या दशकात तयार केला. माणसाचा आवाज त्यातून इतका खरा येई की आजही लोक तो शोधत फिरतात. पण त्याची संवेदनशीलता ८३ डेसिबलच्या आसपास, म्हणजे मोठा आवाज मागितला की ॲम्प्लिफायरने घाम गाळायचा. हॉफमनचा नियम त्यालाही सुटला नाही. ऐंशीच्या दशकात निओडिमियमची चुंबकं आली, अंगठ्याएवढ्या चुंबकात दम आला, आणि तळहातावर मावणारे स्पीकर शक्य झाले.

१९८७ मध्ये बोस कंपनीने ॲकॉस्टिमास हा संच आणला: मुठीएवढे क्यूब डोळ्यांपुढे, आणि खर्जाचा डबा सोफ्यामागे कुठेतरी लपवलेला. लपवता येण्यामागचं तत्त्व पक्कं आहे. ८० हर्ट्झची लहर ४ मीटरहून लांब असते, आणि इतका खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला कळत नाही. या संचाचं दिसणं इतकं भावलं की पुढची कित्येक वर्षं 'होम थिएटर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हेच चित्र येई.

मेख ८० या आकड्यात आहे. स्पीकर आवाज करतो तो हवा ढकलून. तितकाच मोठा आवाज एक सप्तक खाली, म्हणजे निम्म्या हर्ट्झवर, हवा असेल तर शंकूला चौपट लांब हलावं लागतं. ६ इंची शंकूच्या तुलनेत ३ इंची शंकूचं क्षेत्रफळ पाव. म्हणजे दोन्ही शंकू सारखेच हलले, तर ६ इंची जे ८० हर्ट्झवर करतो ते ३ इंचीला १६० वर जमतं. त्याहून बारक्या क्यूबचा दम २०० च्या आसपासच संपतो. मग ८० ते २०० मधलं कुणी वाजवायचं? एक तर सोफ्यामागच्या डब्याने, नाहीतर कुणीच नाही. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. डब्याने वाजवला तर नटाचा चेहरा समोर आणि आवाजाची छाती सोफ्यामागे. कुणीच वाजवला नाही तर भारदस्त माणूसही फोनवर बोलल्यासारखा. हे एकदा ऐकू यायला लागलं की मग दुसरं काही ऐकू येत नाही.

याच वर्षी, १९८७ मध्ये, डिजिटल चित्रपटध्वनीला किती वाहिन्या हव्यात यावर अमेरिकेतले तंत्रज्ञ चर्चा करत होते. टॉमलिन्सन होल्मनचं उत्तर होतं ५.१: पाच पूर्ण वाहिन्या आणि फक्त खर्जाची एक अपूर्ण. होल्मन म्हणजे ल्युकासफिल्ममधल्या टीएचएक्सचा, म्हणजे सिनेमाच्या आवाजाचा दर्जा ठरवणाऱ्या प्रमाणाचा, जनक. घरगुती टीएचएक्समध्ये ८० हर्ट्झची सीमा पक्की झाली ती नीट हिशेब करून. हवाबंद पेटीचा खर्ज तिच्या सीमेखाली सप्तकामागे १२ डेसिबलने आपोआप उतरतो. त्यात रिसीव्हरने आणखी १२ ची भर घातली की उतार २४ चा होतो, सबवूफरच्या उताराशी जुळणारा. सांधा कळत नाही.

टीएचएक्सचे मागचे स्पीकरही निराळे होते. ते पुढे आणि मागे उलट आवाज फेकत आणि ऐकणाऱ्याकडे आपली मुकी बाजू करत, म्हणजे कानावर भिंतींवरून विखुरलेला आवाजच पडे. चित्रपटगृहात मागची वाहिनी भिंतींवरच्या डझनभर स्पीकरमधून पसरते. तेच दोन स्पीकरकडून करून घ्यायचा हा हुशार प्रयत्न. पण त्याला भोवती मोकळी जागा लागते. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर ही हुशारी वाया जाते.

१९९२ मध्ये डॉल्बी डिजिटल चित्रपटगृहांत पोचलं, १९९६-९७ मध्ये डीव्हीडी घरात, आणि मागच्या वाहिन्यांचं सगळं बदललं. डावी-उजवी वेगळी झाली, ७ हजारांचा अडसर गेला, खालचा आवाजही पुरा मिळू लागला. १९९२ च्याच सुमारास आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत या स्पीकरांची जागा ठरली: समोरच्या मध्यरेषेपासून १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे. त्यांना अगदी पाठीमागे ठेवणं ही आपल्याकडून झालेली सोय, नियम नाही. २०१४ मध्ये डॉल्बी ॲटमॉस घरी आलं, छतावरून येणाऱ्या आवाजाची भर पडली, आणि मागच्या स्पीकरवरची अपेक्षा आणखीच वाढली.

त्यामुळे लहान खोलीसाठी डबा हातात घेताना आधी पाहायचं ते खाली तो कुठपर्यंत जातो. ४ इंची वूफर (खालच्या आवाजाचा शंकू) आणि वेगळा ट्वीटर (तीक्ष्ण आवाजाचा) असलेली छोटी हवाबंद पेटी १०० हर्ट्झच्या आसपास सबवूफरला हात देऊ शकते, आणि माझ्या मते पेटी लहान करण्याची ती शहाणी मर्यादा आहे. पेटीच्या पाठीला भोक असेल तर ती भिंतीला चिकटवून टांगू नये. भिंतीजवळ खर्ज तसाही फुगतो, हवाबंद पेटीला त्याची मदतच होते.

लहान खोलीची खरी अडचण आकाराची नसून अंतराची असते. सोफ्याच्या एका टोकाला बसलेल्याला जवळचा स्पीकर दीड मीटरवर, लांबचा तीन मीटरवर. तिथेच ६ डेसिबलपर्यंतचा फरक पडतो आणि त्याला एकच बाजू ऐकू येते. स्पीकर कानाच्या रेषेहून अर्धा-पाऊण मीटर वर घेतला की सगळ्यांपासूनची अंतरं थोडी सारखी होतात. मी माझे वर सरकवले तेव्हा जुन्या स्क्रूंची भोकं खाली तशीच राहिली. कडेला बसणाऱ्याने मात्र त्यानंतर कधी आवाज कमी करायला सांगितलं नाही.